हिकमनचा फँटॅस्टिक फोर: दुसऱ्याने बांधलेल्या घरात कसं राहायचं

काल रात्री चौथा खंड संपला. जोनाथन हिकमनने 2009 ते 2012 मध्ये लिहिलेले फँटॅस्टिक फोर या कॉमिकचे अंक मार्व्हलने कंप्लीट कलेक्शन म्हणून चार जाड पेपरबॅकमध्ये काढलेत, ते सलग वाचले. आधीच सांगतो, घ्या. सुपरहिरोंच्या टीमवर नंतर आलेल्या लेखकाने काम कसं करावं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

कारण ही टीम काही साधी नाही. शास्त्रज्ञ रीड, त्याची बायको सू, तिचा भाऊ जॉनी आणि रीडचा मित्र, दगडी अंगाचा बेन, असे हे चौघे. 1961 ला स्टॅन ली आणि जॅक कर्बीने सुरू केली आणि दोघांनी मिळून शंभरच्या वर अंक काढले, तिथूनच आजचं मार्व्हल उभं राहिलं. पुढे जो येतो त्याच्या डोक्यावर ते ओझं असतंच. मग काही जण जुन्याच गोष्टी नवीन कपड्यात परत सांगतात, आणि काही जण आपण किती वेगळे हे दाखवायला आधीचं सगळं मोडून टाकतात. मला दोन्हीचा कंटाळा आलाय, खरंच.

हिकमन काय करतो बघा, तो आधीच्या लेखकांनी ठेवून दिलेलं उचलतो. व्हॅलेरियाचंच घ्या, रीड आणि सूची मुलगी. 1984 मध्ये जॉन बर्नने 267 व्या अंकात सूचं दुसरं मूल जातं असं दाखवलं होतं, आणि तो अंक अजून अंगावर येतो. रीड धावतपळत डॉक्टर ऑक्टोपस या खलनायक शास्त्रज्ञाला समजावून हॉस्पिटलात घेऊन येतो आणि तोवर उशीर झालेला असतो, एवढा हुशार माणूस आणि काही करू शकत नाही. पुढे वेगळ्या लेखकांनी ते मूल परत आणलं, 2002 मध्ये ती जन्मली ती चक्क टीमचा सगळ्यात मोठा शत्रू डॉक्टर डूम याच्या मदतीने, आणि नावही त्यानेच ठेवलं. आता हे सगळं बघून कुणीही म्हणेल की केवढा गुंता आहे, सोडून द्या. हिकमनने तोच धागा धरला. त्याची व्हॅलेरिया वयाने अगदी लहान पण डोक्याने बापाच्याही पुढे, डूमला सरळ अंकल डूम म्हणते, त्याच्याशी बापाच्या मागे सौदे करते, आणि वाचताना आपल्याला कळतं की या पोरीचं त्या माणसाशी नातं आहे आणि ते आज तयार झालेलं नाही. म्हणजे एकाने दिलेलं दुःख, दुसऱ्यांनी दिलेला जन्म, आणि तिसऱ्याने त्यातून उभं केलेलं अख्खं माणूस. याला म्हणतात वारसा सांभाळणं!

सुरुवात होते 570 व्या अंकापासून. रीडच्या एका खोलीत भिंतीवर शंभर कल्पना लिहिल्यात आणि एकशे एकावी आहे, सगळंच सोडवायचं. त्या नादात तो वेगवेगळ्या विश्वांतल्या रीड लोकांच्या कौन्सिलपर्यंत पोचतो, सगळे तोच, सगळे हुशार, सगळे जग वाचवण्यात गुंतलेले. काही दिवस आपला रीड एकदम खूश, घरी उशिरा येतो, आणि मग त्याला समजतं की यातल्या बाकीच्यांनी आपापलं घर कधीच सोडून दिलंय. तिथून तो उठून घरी येतो. एवढीच गोष्ट आहे, पण ली-कर्बीच्या काळापासून प्रयोगशाळेत दार लावून बसणारा जो बाप होता त्याला पहिल्यांदा कुणीतरी थेट विचारलं की बाबा, काम की घर? ज्यांच्या घरी असा कामात बुडालेला बाप होता त्यांना हे तीन अंक वेगळेच लागतील.

आता अंक 587. वाचला नसेल तर हा परिच्छेद सोडा. निगेटिव्ह झोन या परक्या विश्वाच्या दारातून तिथल्या अनायहिलस नावाच्या खलनायकाची फौज येतेय, अलीकडे मुलं आहेत, आणि दार पलीकडून कुणीतरी बंद करायलाच लागणार. बेन नेमका त्या आठवड्यात साधा माणूस झालेला आहे, दगडाचं अंग नाही, ताकद नाही, तरी तोच थांबायला निघतो. जॉनी त्याला अलीकडे ढकलतो आणि दार लावून घेतो. बेन काचेवर हात आपटत राहतो, परत दगडाचा होतो, पण तेव्हा काही उपयोग नसतो. पुढच्या 588 मध्ये जवळपास संवादच नाहीत. थॉर आणि हल्क बेनसमोर उभे राहतात आणि तो त्यांना ठोसे मारत सुटतो, ते मारू देतात, आणि मग तो कोसळून रडतो. एक शब्द नाही पानावर! त्याच अंकात स्पायडरमॅन रीड-सूच्या छोट्या मुलाशी, फ्रँकलिनशी बोलतो, स्वतःचा काका गेल्याबद्दल, आणि नंतर टीममध्ये जॉनीच्या जागी तोच येतो. जागा भरायला माणूस शोधला असं वाटत नाही, कारण त्या पोराशी त्याचं आधीच बोलणं झालेलं असतं.

587 तेव्हा कोण मरतं ते लपवायला काळ्या पिशवीत बंद करून विकलेला, आणि जॉनी 600 मध्ये परत आलाच. यावरून बऱ्याच जणांनी हिकमनला नावं ठेवली, मला ते पटत नाही. जॉनी तिकडे किती वेळा मेला, किती हाल काढले, हे 600 मध्ये सविस्तर आहे आणि परत आलेला पोरगा तो गेलेला पोरगा नाही.

खटकलं ते पण सांगतो. चार शहरांची लढाई जिथे मांडायला घेतलीय ना, तिथे नावं, राजे, जमाती एवढ्या येतात की मला मागची पानं परत उघडावी लागली, दोनदा. सूला पहिल्या खंडात करायला कमी आहे, जुन्या अटलांटिसचा भाग येतो तेव्हा कुठे ती वाटाघाटी करणारी, अटलांटिसचा राजा नेमोर याला न बिचकणारी बाई म्हणून समोर येते, बर्नने 1985 मध्ये तिला इन्व्हिजिबल गर्लची इन्व्हिजिबल वुमन केल्यावर तेवढी तरी अपेक्षा असतेच. आणि चित्रकार सारखे बदलतात. डेल इगलशॅमची पानं सुंदर आहेत पण त्याचा रीड पैलवान दिसतो, लांबणारा सडपातळ माणूस कुठे गेला? स्टीव्ह एप्टिंग आल्यावर मात्र चेहरे बोलायला लागतात, 587 मधला बेनचा चेहरा त्याचाच.

पूर्ण नवखे असाल तर आधी मार्क वेड आणि माइक वीरिंगोचे 2002 ते 2005 मधले अंक वाचा, ते हलके आहेत आणि चौघांशी ओळख पटकन होते, मग हिकमन. पैसे एकदम घालायचे नसतील तर पहिला खंड घ्या आणि कौन्सिलचे ते तीन अंक वाचून ठरवा. आणि 587, 588 एकाच बैठकीत वाचा, मध्ये फोन आला तरी उचलू नका.