संकेतस्थळ, फोनलाइन की व्हॉइस बॉट? अंध विद्यार्थ्यांसाठी कॉलेजने आधी काय करावं

हजेरी, वेळापत्रक, निकाल, परीक्षा अर्ज या गोष्टी अंध विद्यार्थ्याला कुणाला विनवण्या न करता स्वतः पाहता याव्यात, यासाठी कॉलेजच्या समितीपुढे साधारण तीन प्रस्ताव येतात. आहे तेच संकेतस्थळ स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येईल असं दुरुस्त करायचं, फोनवर बटणं दाबून माहिती ऐकवणारी आयव्हीआर लाइन घ्यायची, किंवा मराठीत विचारलं की मराठीत उत्तर देणारा व्हॉइस बॉट बसवायचा. प्रात्यक्षिकात बॉट सगळ्यात झोकदार दिसतो. पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर संकेतस्थळ दुरुस्त करा. फोनलाइन जोडीला उत्तम. बॉट सगळ्यात शेवटी.

कधीकधी चौथंही काही गळ्यात मारलं जातं: पानाच्या कोपऱ्यात 'वाचून दाखवा' असं बटण. ज्याच्याकडे स्क्रीन रीडर नाही त्या अंध विद्यार्थ्याला ते बटण सापडणार नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला त्याची गरज नाही. त्यावर खर्च करू नका.

संकेतस्थळ

विद्यार्थ्याच्या बाजूचा खर्च इथे जवळपास शून्य आहे. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, त्यासोबत येणारा ईस्पीक आवाज मराठी वाचतो (कानाला यांत्रिक लागतो, पण भरभर ऐकायला सरावलेल्यांना तोच आवडतो). अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आणि गूगलचा मराठी आवाज आहे. जॉज हा विंडोजचा दुसरा स्क्रीन रीडर विकत घ्यावा लागतो, त्यामुळे तो असला तर बहुधा लायब्ररीतल्या एखाद्या संगणकावर असतो. म्हणजे साधन विद्यार्थ्याकडे आहेच, अडतं ते कॉलेजच्या पानांवर.

निकालाचंच पान घ्या. तक्त्यातल्या शीर्षकाच्या चौकटी कोडमध्ये शीर्षक म्हणून नोंदवलेल्या असतील, तर कंट्रोल, ऑल्ट आणि उजवा बाण दाबत पुढे गेलं की एनव्हीडीए 'अर्थशास्त्र, ६२', 'इतिहास, ५८' असं बोलतं. त्या नुसत्या ठळक अक्षरांत असतील तर ऐकू येतं '६२, ५८, ७१', आणि कुठल्या विषयात किती ते विद्यार्थ्याने बोटं मोजून ठरवायचं. दुरुस्ती टेम्प्लेटमध्ये एकदाच करायची असते.

नेहमी सापडणारे बाकीचे दोष असे. चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा, ज्याला आवाजाचा पर्याय नसतो. नाव न दिलेली बटणं, जी नुसती 'बटण, बटण' अशी ऐकू येतात. फक्त माउसने उघडणारी तारखेची दिनदर्शिका. पानाला मराठीची भाषा-खूण नसणं, त्यामुळे इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळतो किंवा त्यावर अडखळतो. आणि पाच मिनिटांत लॉगिन तोडणारं सेशन. कानाने फॉर्म भरायला वेळ जास्त लागतो. मुदत संपायच्या आधी सूचना देऊन एका कळीत ती वाढवता आली पाहिजे.

मराठी कॉलेजांचं खास दुखणं मात्र सूचनांच्या पीडीएफमध्ये आहे. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटात टाइप केलेली सूचना डोळ्यांना सुबक मराठी दिसते, स्क्रीन रीडरला मात्र तो रोमन अक्षरांचा गुंता असतो. तपासणी सोपी आहे: पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडता आलं नाही तर ते स्कॅन केलेलं चित्र आहे. रोमन कचरा आला तर जुना फाँट. मराठी आलं, पण वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या असतील, तर फाँट युनिकोड (प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेला प्रमाण संकेत असलेला) असूनही पीडीएफ बनवताना क्रम बिघडलाय. म्हणून सहीशिक्क्याची पीडीएफ ठेवायची तर ठेवा, पण तोच मजकूर साध्या वेबपानावरही टाका. कार्यालयातल्या टंकलेखकाला युनिकोडची सवय लावणं हा या सगळ्या प्रकल्पातला सर्वात स्वस्त आणि सर्वात चिवट भाग आहे.

फोनलाइन

साधा बटणांचा फोन असलेल्या, नेटची रेंज नसलेल्या किंवा नुकतीच दृष्टी गेल्यामुळे स्क्रीन रीडर अजून न शिकलेल्या विद्यार्थ्याला ही लाइन खरोखर उपयोगी पडते. छोटं, ठरावीक, ऐकून संपणारं उत्तर असेल तिथेच ती वापरा: उद्याचा पेपर किती वाजता, हजेरी किती टक्के, अर्जाची शेवटची तारीख कोणती.

मेनूत चारपाचापेक्षा जास्त पर्याय नकोत. आधी काम सांगा, मग अंक: 'हजेरीसाठी दोन दाबा'. उलट सांगितलं तर आपलं काम ऐकू येईपर्यंत अंक विसरलेला असतो. मेनू चालू असतानाच अंक दाबता आला पाहिजे, आणि पुन्हा ऐकण्यासाठी स्टार ठेवा.

आकडे ऐकवणं मराठीत जरा किचकट. इंग्रजीत वीसपर्यंतचे आणि दहाच्या पटीतले शब्द जोडून काम भागतं. आपल्याकडे शून्य ते नव्याण्णव प्रत्येक आकडा वेगळा, म्हणजे शंभर ध्वनिमुद्रणं तेवढ्यासाठीच. त्यात फोनवरून आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच जातो, त्यामुळे 'त्रेपन्न' आणि 'त्रेसष्ट' यांत गफलत होते. गुण सांगताना 'सहा दोन, बासष्ट' असं दोन्ही म्हणा.

बिघाड बहुतेक दोन ठिकाणी होतो. टॉकबॅक चालू असलेल्या टच फोनवर प्रत्येक अंक आधी शोधावा लागतो, मग दोनदा टॅप करावा लागतो, तेवढ्यात मुदत संपते. फोनलाइन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उदाहरणार्थ अ‍ॅस्टेरिस्कमध्ये दोन अंकांमधली मुदत मुळात ५ सेकंद असते, ती ८ ते १० करा. दुसरं, इंटरनेटवरून येणाऱ्या लाइनवर आवाज दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवला की बटणांचे स्वर विकृत होतात, अंक गळतात किंवा दुहेरी नोंदले जातात. पुरवठादाराला सांगा की डीटीएमएफ (म्हणजे हेच बटणांचे स्वर) आवाजात मिसळून न पाठवता आरएफसी ४७३३ या इंटरनेट मानकाप्रमाणे वेगळं पाठवा.

निकालाच्या दिवसाचा हिशोब आधीच करून ठेवा. एका पीआरआय लाइनवर (कार्यालयांसाठीच्या डिजिटल फोनजोडणीवर) एकावेळी ३० कॉल चालतात. प्रत्येक कॉल तीन मिनिटांचा धरला तर तासाला फार तर ६००. आणि फोन नंबर ओळखीचा आहे एवढ्यावरून गुण सांगू नका, पिन हवाच. तो विद्यार्थ्याला इअरफोन लावून टाकायला सांगा, कारण टॉकबॅक दाबलेले अंक मोठ्याने बोलू शकतो.

व्हॉइस बॉट

'एसवायच्या सेम थ्रीला एटीकेटी लागली, फॉर्म कधी सुटणार?' असं मुलं बोलतात. मराठीचं वाक् ते मजकूर तंत्र बरंच सुधारलंय, पण मराठी-इंग्रजीची ही मिसळ, विषयांची लघुरूपं आणि मागे कँटीनचा गलका एकत्र आला की चुका होतात. वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाचं बोलणं असेल तर आणखी. प्रात्यक्षिक मागाल तेव्हा विक्रेत्याची ठरलेली वाक्यं घेऊ नका, पोरांना व्हरांड्यात उभं करून बोलायला लावा.

त्याहून घातक म्हणजे आत्मविश्वासाने दिलेली चुकीची तारीख. डोळस विद्यार्थी सूचनाफलकावर पडताळून घेतो. अंध विद्यार्थ्याने बॉटवर भरवसा ठेवला आणि अर्जाची मुदत हुकली तर वर्ष जातं. बॉटने तारखा आणि गुण थेट डेटाबेसमधूनच उचलावेत, सापडलं नाही तर 'परीक्षा विभागाला जोडतो' म्हणावं. शिवाय संकेतस्थळावर तरंगणारा बॉट पुष्कळदा स्वतःच अगम्य असतो: माइकच्या बटणाला नाव नाही, नवं उत्तर आलेलं स्क्रीन रीडरला कळत नाही, आणि स्पीकर चालू असेल तर टॉकबॅकचं बोलणंच माइक प्रश्न म्हणून ऐकतो.

कोणतं काम कुठे

वेळापत्रक आणि तारखा फोनवर आणि संकेतस्थळावर दोन्हीकडे. हजेरी तशीच, पण फोनवर पिनसह. परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, लेखनिकाची मागणी ही कामं फक्त संकेतस्थळावर. ती आवाजावर ढकलू नका. लेखनिकाचा अर्ज तर सगळ्यात आधी दुरुस्त करा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो, आणि ही मागणी नोंदवण्याचा फॉर्मच भरता आला नाही तर तो तास कागदावरच राहतो. माहिती-तंत्रज्ञानाची सुगम्यता ही दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ४२ मध्येही आहे, त्यामुळे 'बजेट नाही' हे उत्तर फार टिकत नाही.

कंत्राटात 'सुगम्य असेल' एवढंच लिहून घेऊ नका. डब्ल्यूसीएजी २.१ या संकेतस्थळांच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांची एए पातळी किंवा भारतीय मानक आयएस १७८०२ यांचं नाव घाला, आणि शेवटचा हप्ता कामावर अडकवा: मॉनिटर बंद, माउस काढलेला, एनव्हीडीए आणि टॉकबॅक दोन्हींवर, अंध विद्यार्थ्याने कुणाच्या मदतीविना निकाल पाहायचा, परीक्षा अर्ज भरायचा आणि या आठवड्याची सूचना वाचायची. विद्यार्थ्याला त्या तपासणीचे पैसे द्या. ती मुंबईत असाल तर झेवियर्स कॉलेजच्या एक्सआरसीव्हीसीसारख्या, दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्राशी बोलून करता येईल, आणि अर्जाची खिडकी उघडण्याच्या निदान महिनाभर आधी करा, नाहीतर दुरुस्तीला वेळच उरत नाही.