जर्नलडीला लगाम घातल्याला सात महिने झाले

माझ्या लिनक्स लॅपटॉपवर डिस्क भरल्याचा इशारा आला तेव्हा मी आधी डाउनलोड्सवर झाडू फिरवला. संध्याकाळपर्यंत जागा पुन्हा शून्य. कशाने किती जागा घेतली ते दाखवणारी 'डीयू' कमांड चालवल्यावर कळलं, सिसलॉगची, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींची (लॉगची), एकच फाइल ३१ जीबीची झाली होती. रागाच्या भरात ती उडवली, तरी जागा काही मोकळी होईना! त्या नोंदी लिहिणाऱ्या आरसिसलॉग सेवेने फाइल उघडीच धरून ठेवली होती. ती सेवा रिस्टार्ट केली तेव्हा कुठे जागा परत आली. तेव्हापासून मी चालू लॉग डिलीट करत नाही, 'ट्रंकेट'ने रिकामा करतो.

दंगा करत होता कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. 'पीसीआयई बस एरर, सिव्हेरिटी करेक्टेड' ही ओळ सेकंदाला कित्येकदा (पीसीआयई म्हणजे आतली उपकरणं जोडणारी वाट). म्हणजे चूक झाली आणि हार्डवेअरने ती निस्तरलीसुद्धा, एवढंच सांगायला हा आरडाओरडा. आणि प्रत्येक ओळ तीन ठिकाणी: जर्नल (जर्नलडी ही सेवा ठेवते ती नोंदवही), सिसलॉग, कर्न-लॉग (कर्नलच्या नोंदींची फाइल). जर्नलला मुळातच मर्यादा असते, फाइलसिस्टिमच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी. सिसलॉगसारख्या साध्या मजकुराच्या फाइलींना ती नसते. त्यांची भिस्त जुने लॉग बाजूला करणाऱ्या लॉगरोटेटवर, आणि तो सहसा दिवसातून एकदाच जागा होतो.

जर्नलडीची ३० सेकंदांत १०,००० संदेशांची मर्यादा मी आधी कमी करून पाहिली. फरक शून्य, कारण ती सेवांच्या संदेशांना लागते, कर्नलच्या नाही. मग या चुका कळवणंच बंद करणारा बूट पर्याय 'पीसीआय=नोएईआर' दिला. एकदम शांतता, पण ती तोंडावर हात ठेवल्यासारखी. चुका होतच होत्या. शेवटी तो काढून पीसीआयईच्या वीजबचतीसाठीचा पर्याय 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' लावला आणि चुका खरोखर थांबल्या. बॅटरी थोडी लवकर उतरते, पण लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो, त्यामुळे मला चालतं.

सोबत जर्नलची कमाल जागा ठरवणारं 'सिस्टिममॅक्सयूज' २०० एमबीवर आणलं होतं. हा मात्र शहाणपणा अंगाशी आला. तिसऱ्या महिन्यात मशीन रात्री आपोआप रिस्टार्ट झालं. सकाळी जर्नल वाचायच्या 'जर्नलसीटीएल' कमांडला आधीच्या बूटचा लॉग मागितला तर तो नाहीच. सिंक करणारी एक बडबडी सेवा तासन्‌तास 'फाइल तपासली, फाइल तपासली' लिहीत बसली होती आणि जुन्या नोंदी तिनेच ढकलून बाहेर काढल्या होत्या. आता मर्यादा १ जीबी आहे आणि त्या सेवेला 'सिस्टिमसीटीएल एडिट' या सेटिंग बदलायच्या कमांडमधून 'लॉगलेव्हलमॅक्स=वॉर्निंग' लावलंय, म्हणजे इशाऱ्याहून किरकोळ नोंदी येतच नाहीत. सगळ्या खटाटोपात ही एक ओळ मला सर्वांत उपयोगी वाटली: बाकी कुणाच्या नोंदींना धक्का न लावता फक्त बडबड्याचं तोंड बंद.

एक बारीक गोष्ट: जर्नल छाटणारं 'व्हॅक्यूम-साइज' फक्त बंद झालेल्या जर्नल फाइली काढतं. आधी 'रोटेट' देऊन चालू फाइल बंद केली नाही तर ती तशीच राहते आणि कमांड बिघडली असं वाटतं. मी दोनदा फसलो.

सध्या जर्नल ६००-७०० एमबीच्या आसपास फिरतोय. सिसलॉगची फाइल आठवड्याभरात काही एमबींच्या वर जात नाही. त्या रात्री मशीन का रिस्टार्ट झालं, ते मात्र आजतागायत कळलेलं नाही.