मुंबई दर्शनची बस: म्हाताऱ्या माणसांना सोयीची, पण फोर्टातून फार पळवते

यंदा कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, लवकर झाली, म्हणून मायला आणि पोरीला मुंबई दाखवून आणली. आम्ही दारव्हा तालुक्यातले, तिघांचीही पहिलीच खेप. मूर्तिजापूरहून विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलो आणि एका खासगी कंपनीच्या दिवसभराच्या ‘मुंबई दर्शन’ बसमध्ये बसलो. आमच्याकडचे पुष्कळ जण हीच सोय पाहतात, म्हणून लिहून राहिलो.

बस स्वच्छ होती, वेळेवर सुटली. मायचे गुडघे दुखतात, लोकलची चढउतार तिला झेपलीच नसती. बसमधला पोरगा प्रत्येक थांब्यावर तिचा हात धरून उतरवून घ्यायचा, “आजी, सावकाश” म्हणायचा. त्याच्यासाठी पूर्ण गुण.

गेटवेला वेळ भरपूर मिळाला. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज आला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधायला घेतली आणि १९२४ मध्ये पुरी झाली. दगड बेसाल्टच, म्हणजे आमच्या विहिरीत सुरुंग लावला की निघतो तोच, फक्त पिवळसर. वरच्या दगडी जाळ्यांकडे माय कितीतरी वेळ मान वर करून पाहत होती. “एक टवका उडाला तर सारी जाळी वाया गेली असती ना रे?” आमच्या आज्याने छिन्नीने जाती-पाटे टाकवले, त्या घरची ती लेक, तिला त्या कामाची किंमत कळते.

हँगिंग गार्डनच्या खाली पाण्याची मोठी टाकी आहे, हे आम्हाला नवीन. समोरच्या बागेतल्या म्हातारीच्या बुटातून पोरगी निघायला तयार नव्हती. जेवायला बस जिथे थांबवतात तिथली थाळी महाग आणि वरण अगदी फुळकवणी. घरून भाकरी अन् ठेचा बांधून न्या.

आता खरी तक्रार. मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या राजाबाई टॉवर या घड्याळाच्या मनोऱ्यासमोर बस थांबलीच नाही. गाईड “ये युनिव्हर्सिटी है” एवढं बोलला आणि आम्ही पुढे. ज्याच्या घरात कापूस पिकतो त्याच्यासाठी मुंबईत याच्याइतकी जवळची जागा नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसात लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, अन् इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने अफाट पैसा कमावला. त्यातले दोन लाख रुपये त्यांनी या मनोऱ्याला दिले आणि आईचं, राजाबाईंचं, नाव लावलं. लढाई संपली, भाव कोसळला, शेठही बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये उभा राहिला. भाव चढतो आणि पडतो कसा, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. पण त्याचा एवढा उंच दगडी पुरावा उभा आहे, हे लेकरांना दाखवायलाच पाहिजे.

म्हणून दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून पुन्हा गेलो. ओव्हल मैदानाच्या कडेला बसून मनोरा डोळे भरून पाहिला. तिथून हॉर्निमन सर्कल. आता तिथे गोल बाग आहे, पण पूर्वी तिथल्या मोकळ्या मैदानात कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागत. पोरीला सांगितलं, आपण उतरलो ते स्टेशन ज्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने बांधलं, तिचीच लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे आपल्या दारव्ह्याची शकुंतला, म्हणजे छोट्या रुळांची आगगाडी, कापूस मूर्तिजापूरला आणून टाकायची, अन् तिथून तो याच लाइनने मुंबईला यायचा. पोरगी म्हणाली, “मंग बाबा, आपल्या वावरातला कापूस आपल्याआधी मुंबई पाहून गेला.”

पाचपैकी साडेतीन तारे. सोबत म्हातारं माणूस असेल तर बस जरूर घ्या आणि डाव्या खिडकीची जागा मागा, मरीन ड्राइव्हने मलबार हिलकडे जाताना समुद्र त्याच बाजूला राहतो. एलिफंटा यात नाही. त्यासाठी गेटवेवरून बोट मिळते, वेगळा दिवस ठेवा. सोमवारी लेणी बंद असतात, अन् वर चढायला शंभरावर पायऱ्या आहेत. कंपनीला एवढंच म्हणणं आहे: दुपारी खरेदीच्या दुकानापाशी बस तासभर उभी करता, त्यातली वीस मिनिटं ओव्हल मैदानाला द्या. उतरताना त्यांच्या वहीत मी हेच लिहून आलो.