तुमची फाईल मंजूर झाली आहे

मी पतसंस्थेत कॅशिअर आहे. काउंटरच्या काचेवर 'ओटीपी कोणालाही सांगू नका' ही पट्टी मीच चिकटवलेली. तरी आमच्या घरातून ३०,८०० रुपये गेले, तेही माझ्याच मोबाइलवरून, माझ्याच बोटानं. ओटीपी कोणी विचारलाच नव्हता.

गेल्या वर्षी भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. दादाला दुकानात फिट आली. लातूरला एमआरआय केला, मेंदूत पुढच्या बाजूला गाठ निघाली. थांबायला वेळ नाही म्हणाले, खासगीतच ऑपरेशन केलं. वहिनीच्या पाटल्या आमच्याच पतसंस्थेत तारण पडल्या. पावती मी फाडली. मग बायोप्सी आली. ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड चार, म्हणजे मेंदूचा कॅन्सर. पुढं शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचे, ३०, शनिवार-रविवार सोडून सहा आठवडे. त्या दिवसांत रोज टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या गोळ्या, आणि शेक संपून महिनाभरानं त्याच गोळ्या महिन्याला पाच दिवस, सहा महिने. मुंबईला न्यायचं ठरलं. पैशाचं काही ठरेना.

पुतण्यानं मदतीचं आवाहन तयार केलं. टाके घातलेल्या डोक्याचा फोटो, एमआरआयचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, वहिनीचा नंबर आणि खाली क्यूआर. दादाचे वर्गमित्र, सोयरे, दुकानाची गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या ग्रुपवर फिरलं. कोणी पाचशे टाकले, कोणी दोन हजार. ते पैसे खरे होते आणि ती माणसंही खरी होती. पण ज्या कागदावर लोकांनी विश्वास ठेवला, तोच कागद चोरालाही मिळाला होता.

तिसऱ्या दिवशी वहिनीला एका बाईंचा फोन आला. मराठी स्वच्छ, आवाज शांत. "ताई, पेशंट जेवतात का? स्टेरॉइडनं भूक वाढली असेल ना?" वाढलीच होती. रात्री दोनला उठून भाकरी मागायचा. एवढं विचारणारी बाई म्हणजे दवाखान्याची जाणकार, असं वहिनीला वाटलं, आणि मलाही. दिल्लीच्या एका ट्रस्टचं नाव सांगितलं. केस बघितली म्हणाल्या, चार लाखांपर्यंत होऊन जाईल.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. 'व्हेरिफिकेशन' करायचं होतं. दादाला उशीला टेकवून बसवलं. समोरच्या बाईंचा कॅमेरा बंद, पडद्यावर नुसता एक शिक्का. दादानं डोक्यावरची टोपी काढून टाके दाखवले आणि हात जोडले. ते हात बराच वेळ तसेच होते. खाली घ्यायचे हे त्याच्या लक्षात राहिलं नाही, वहिनीनं घेतले. मला तो कॉल आजही आठवला की पैशाचं काही वाटत नाही, त्या हातांचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मंजुरीपत्र. वर तीन सिंह, खाली दोन सह्या, निळा गोल शिक्का. 'तुमची फाईल मंजूर झाली आहे.' फाईल चार्ज २,५००. भरले. मग '८०-जी क्लिअरन्स'चे ९,८००. भरले. मग रक्कम मोठी असल्यामुळं खात्याची लिमिट वाढवायला १८,५००, तेही 'रिफंडेबल'. भरले.

पतसंस्थेत सतरा वर्षं काढलेल्या माणसानं हे भरलं. ८०-जी ही देणगी देणाऱ्याची करसवलत असते. घेणाऱ्यानं कसला आलाय क्लिअरन्स? पैसे पाठवताना पडद्यावर ट्रस्टचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. "आमचे अकाउंटंट आहेत," बाई म्हणाल्या, आणि मी मान डोलावली. गिऱ्हाईक असं काही करायला आलं असतं तर मी त्याला काउंटरवरच थांबवलं असतं. घरात आजारी माणूस असला की डोकं घरच्यांचंही चालत नाही, एवढंच कारण माझ्याकडं आहे. ते पुरेसं नाही, मला माहीत आहे.

पण लिहितोय ते पैशासाठी नाही. त्या बाईंनी पहिल्याच फोनवर एक वाक्य सांगितलं होतं: "आता दुसरीकडं कुठंही अर्ज करू नका हं ताई, डबल मदत दिसली की फाईल रद्द होते." आम्ही ते तंतोतंत पाळलं. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली होती, ओपीडीचे कागद हातात होते, तरी मी ना मेडिकल सोशल वर्करकडं गेलो, ना सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाकडं. चार लाख येणारच होते ना! अकरा दिवस गेले त्यात. शेकासाठी तोंडावर बसवायचा जाळीचा मास्क तयार झाला, आणि तारीख घ्यायची म्हटल्यावर खिशात काही नाही.

उघडं पडलं ते वहिनीमुळं. चौथी मागणी आली, ३६,००० ची. मी पतसंस्थेतून पगारावर उचल घ्यायच्या विचारात. वहिनी पत्र पुन्हा पुन्हा बघत होती. म्हणाली, "भाऊजी, यात ह्यांचं वय ४७ का लिहिलंय? हे तर ४१ चे आहेत." आधार कार्डावरच्या जन्मतारखेनं ४१ होत होतं, डिस्चार्ज कार्डावरही ४१. फक्त एमआरआयवाल्यानं टायपिंग चुकवून ४७ केलेलं, आणि आम्ही ते दुरुस्त करायचं राहून गेलेलं. ट्रस्टला आम्ही आधार पाठवलं होतं, पण त्यांनी ते उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. ग्रुपवर फिरलेल्या रिपोर्टवरून पत्र छापलं होतं.

बाईंना विचारलं तर आवाज तोच, शांत. "ठीक आहे, मग आम्ही पेशंटची जबाबदारी घेत नाही." मग फोन बंद.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. शेवटचे पैसे जाऊन तोवर सहा दिवस झाले होते. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येतात. आमचे केव्हाच पुढं, आणखी पुढं गेले होते. ज्या माणसाच्या नावाचं खातं, तो म्हणे कमिशनवर खातं वापरायला देणारा कोणी मजूर. मग दहा दिवसांनी एक फोन: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंगचे १,५०० भरा." या वेळी मात्र मी तोंडाला आलं ते बोललो.

आणि पुतण्याच्या आवाहनाची दुसरी प्रतही फिरत होती. फोटो दादाचा, मजकूर आमचा, क्यूआर दुसऱ्याचा. अहमदपूरच्या एका मास्तरांनी पावती पाठवली तेव्हा कळलं. त्यात किती गेले याचा हिशोब कुठून लागणार.

खरी मदत मग कशी झाली, तेही सांगतो, कारण त्या अकरा दिवसांत हे कोणी सांगितलं असतं तर. सोशल वर्कर ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "रेशनकार्ड आणलंय का?" केशरी होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. दादाचे शेक त्यात बसले. मात्र मंजुरी उपचाराच्या आधी लागते. खिशातून भरून झालेले पैसे योजना परत देत नाही. लातूरच्या ऑपरेशनचे आमचे गेले ते असेच. ते हॉस्पिटल योजनेत आहे का हे त्या रात्री आम्ही विचारलंच नव्हतं. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे.

गोळ्यांच्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज केला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, खर्चाचं अंदाजपत्रक, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट. अर्जाला एक रुपया लागला नाही. पैसे आमच्या हातात आलेच नाहीत, हॉस्पिटलच्या खात्यात गेले. पंतप्रधान मदत निधीचंही तसंच, पैसे थेट हॉस्पिटलला. चार लाख तुमच्या खात्यात टाकतो म्हणणाऱ्या बाईंचा फोन आला तेव्हा एवढं एकच माहीत असतं तर बोलणं तिथंच संपलं असतं.

खासगी धर्मादाय हॉस्पिटल असेल तर तिथंही दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे मागावं लागतं, आपणहून कोणी म्हणत नाही. कोणी ट्रस्ट म्हणून आलं तर त्याला नोंदणी क्रमांक विचारा, आणि ट्रस्ट महाराष्ट्रातला असेल तर तो धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ताडून बघा. आवाहन टाकायचंच असेल तर रिपोर्टवरचा पत्ता, नंबर झाका. हे मी आता शहाणपणानं सांगतोय, तेव्हा मीच पुतण्याला म्हणालो होतो, "सगळं टाक, लोकांचा विश्वास बसला पाहिजे."

दादाला आम्ही काही सांगितलेलं नाही. शेक त्या मॅडममुळंच झाले असं तो धरून आहे. धर्मशाळेत शेजारी नंदुरबारकडचं एक कुटुंब होतं, मुलाला तोच आजार. एका दुपारी दादा त्यांना सांगत होता, दिल्लीच्या एक मॅडम आहेत, देवमाणूस, नुसत्या व्हिडिओवर बघून काम केलं. त्या मुलाची आई वही-पेन घेऊन माझ्याकडं आली, मॅडमचा नंबर मागायला.

दादा बघत होता म्हणून मी "हो, देतो" म्हणालो. तिला जिन्याखाली नेलं आणि वहीत सोशल वर्कर ताईंचा खोली नंबर लिहून दिला. मग विचारलं, "मावशी, रेशनकार्ड आणलंय का?"