वॉचमेन की सुपरमॅन? एकच घ्यायचं असेल तर

बारावी झाली, सीईटी झाली आणि भाच्याच्या हातात वाढदिवसाचे पैसे आले. "मावशी, एकच कॉमिक घेणारे. 'वॉचमेन' घेऊ का 'ऑल-स्टार सुपरमॅन'?" आजी आतून म्हणाली, "वॉचमनवर पण पुस्तक निघालं? आपला तर दुपारभर झोपलेला असतो." आजीचं फार चुकलं नव्हतं. राखणदारांवर राखण कुणी ठेवायची, हाच त्या पुस्तकाचा प्रश्न आहे.

दोन्ही गोष्टी बारा-बारा अंकांत पुऱ्या होतात. 'वॉचमेन' १९८६-८७ चं, लेखन ॲलन मूर, चित्रं डेव्ह गिबन्स. 'ऑल-स्टार' २००५ ते २००८ मधलं, ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचं. पहिलं कडवट म्हणून मोठ्यांचं, दुसरं गोड म्हणून पोरांचं, असा सर्वसाधारण समज. पुण्यात तो जरा जास्तच. खवट बोलणारा हुशार, आणि गोड बोलणारा एक तर भोळा नाही तर विमा विकायला आलेला, हे आम्ही पाट्या वाचत वाचत शिकलेलो असतो.

'वॉचमेन'मध्ये मुखवटेवाले नायक आहेत, पण देव कुणीच नाही. एकाला मुखवटा चढवल्याशिवाय आपण कुणी आहोत असं वाटत नाही. एकाची ताकद इतकी वाढलीय की माणसांतला त्याचा रसच आटत चाललाय. सगळ्यात हुशार जो आहे, तो लाखो जिवांचा हिशेब वाण्यासारखा मांडतो. पानावर बहुतेक वेळा नऊ चौकटी, तीन ओळींत तीन-तीन, वाड्याच्या खिडकीच्या गजांसारख्या. वाचताना कोंडल्यासारखं होतं, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. अंकांच्या शेवटी नुसत्या मजकुराची पानं येतात. भाचेमंडळी ती उलटून पुढे जातात. जाऊ नये.

(शेवट कळलेला चालत नसेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.)

मला मात्र त्या पुस्तकातले मुखवटे फारसे आठवत नाहीत, आठवतो तो न्यूयॉर्कच्या कोपऱ्यावरचा पेपरवाला. दिवसभर बडबड करणारा. शेजारी एक मुलगा बसून चाच्यांचं कॉमिक फुकट वाचत असतो, आणि पेपरवाला त्यावरून कुरकुरत असतो. आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकवाल्यानं दुसऱ्या पानालाच "घ्यायचंय का?" विचारलं असतं. बऱ्याच उशिरा कळतं की दोघांचं नाव एकच. आणि जेव्हा सगळं संपतं, तेव्हा हे दोघं एकमेकांना घट्ट धरतात. त्यानं वाचत कुणीच नाही.

'ऑल-स्टार'मध्येही एक मिठी आहे. सूर्याची ऊर्जा प्रमाणाबाहेर शोषल्यामुळे सुपरमॅन मरायला टेकलाय, हे पहिल्या अंकातच कळतं. कामं ढीगभर, दिवस मोजके. तरी दहाव्या अंकात एका पानापुरता तो उंच इमारतीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या मागे येऊन थांबतो. तिच्या डॉक्टरांना खरंच उशीर झालाय, एवढं सांगतो. तुला वाटतं त्यापेक्षा तू खंबीर आहेस म्हणतो, आणि तिला जवळ घेतो. भाषण नाही की उड्डाण नाही. ज्याचे स्वतःचेच दिवस भरत आलेत तो हे करतोय, म्हणून ते पान साखरपाकात बुडत नाही.

म्हणजे साध्या माणसांवरची माया दोन्हीकडे सारखीच. भांडण आहे ते त्यांना वाचवणाऱ्यांवर विश्वास टाकावा का, यावर. 'वॉचमेन'ची नक्कल करणाऱ्यांनी रक्त उचललं, पेपरचा स्टॉल विसरले. 'द बॉइज' हे कॉमिक मला त्यातलंच वाटतं: सुरुवातीला जाम हसवतं, मग एकच विनोद आवाज चढवून सांगत राहतं. पोरांच्या हाती तर देऊच नये.

आणि सुपरमॅन मुळात गुळमुळीत होता असंही नाही. १९३८ साली पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचा समाचार घेतो आणि राजकारण्याला फितवणाऱ्या दलालालाही घाम फोडतो.

आता निवड. घेणारा सोळाच्या आतला असेल तर 'वॉचमेन' थांबू द्या. त्यात बलात्काराच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे, हिंसाही अंगावर येणारी आहे. कॉमिक म्हणजे बालवाङ्मय असं म्हणणारे काका घरात असतील तर त्यांना 'वॉचमेन'च द्या, दोन दिवस गप्प बसतील. 'ऑल-स्टार'मध्ये जुन्या सुपरमॅनकथांचे इशारे बरेच, पण ते कळले नाहीत म्हणून अडत नाही. ज्याला कुणाचंच काही खरं वाटत नाही, त्याच्यासाठी मी 'ऑल-स्टार' म्हणेन. कडवटपणा त्याच्याकडे घरचाच आहे, विकत कशाला घ्यायचा? माझा भाचा या गटातला. त्याला मी तसं स्पष्ट सांगितलं.

त्यानं अर्थातच 'वॉचमेन' घेतलं. चौथ्या रात्री साडेअकराला मेसेज आला: "मावशी, त्या दोघांचं नाव सेम होतं गं." माझी 'ऑल-स्टार'ची प्रत सध्या त्याच्याकडे, कर्वेनगरला आहे.