मोबाइलची स्क्रीन बदलणं: आधी घरी, मग तपकीर गल्लीत

पेट्रोल पंपावर स्कूटरची सीट उचलायला वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातून फोन सरळ फरशीवर, तोही तोंडावर. उचलताना मनात एकच, देवा टेम्पर्डच फुटली असू दे. आणि बऱ्याचदा खरंच तेवढंच असतं बरं का, कोपऱ्यातून नखाने टेम्पर्ड उचलून बघायची, खालची काच गुळगुळीत लागली तर शे-दीडशे रुपयांत सुटलात. माझी टेम्पर्ड निघाली आणि तिच्यासोबत खालच्या काचेचा चुरा पण बोटाला लागला.

फोन तीन वर्षं जुना, १८ हजाराला घेतलेला, अ‍ॅमोलेड डिस्प्ले, फिंगरप्रिंट स्क्रीनच्या खाली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, पाडला मी, तिचा काय दोष. पहिल्या दिवशी सगळं चालू होतं, नुसत्या चिरा. म्हटलं चालतंय की, वरून चिकटपट्टी मारली आणि चार दिवस तसाच वापरला. पाचव्या दिवशी सकाळी उजव्या कडेला हिरवी रेघ, दुपारी कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि रात्री झोपताना तो डाग वरच्या घड्याळापर्यंत पोचलेला. नंतर दुकानात कळलं की नुसती काच गेली असेल आणि खालचा डिस्प्ले धड असेल तर काही जण फक्त काच बदलून देतात, म्हणजे गरम प्लेटवर ठेवून बारीक तारेने जुनी काच कापून काढायची, मधे ओसीए नावाचा पारदर्शक चिकट थर टाकून नवी बसवायची आणि प्रेशरच्या मशीनमधे घालून बुडबुडे काढायचे, आणि हे बरंच स्वस्तात होतं. डाग आला की विषय संपला, मग अख्खा फोल्डर. फोल्डर म्हणजे काच, टच, डिस्प्ले सगळं एकत्र चिकटलेलं, कोणी त्याला कॉम्बो पण म्हणतं. तर ते चार दिवस मला महागात पडले.

एक काम मात्र बरं केलं, टच अर्धा मेला तेव्हा ओटीजी (फोनच्या चार्जिंगच्या भोकात यूएसबीची वस्तू लावायचा जोड) लावून साधा यूएसबीचा माउस जोडला, स्क्रीनवर बाण येतो आणि सगळं क्लिक करता येतं, तेवढ्यात फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप काढून घेतला. हे काळोख व्हायच्या आधी करा, नंतर माउस असून उपयोग नाही, बाण दिसायला स्क्रीन तर हवी. आणि दोन दिवस यूपीआय नाही म्हणजे काय हाल होतात ते चहावाल्याला विचारा, माझी उधारी त्याच्याकडे लिहिलीय.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने ७,२०० सांगितले. रेट त्यांच्या साइटवरच दिलेला असतो, तिथे पण तेवढाच होता, म्हणजे लुबाडलं वगैरे नाही. पण तीन वर्षं जुन्या फोनला ७,२०० घालायला हात धजेना. मग डोक्यात किडा, आपणच करू. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या जुन्या एलसीडीवाल्या फोनचा फोल्डर मी घरी बदलला होता आणि तो अजून चालतोय, त्यामुळे अंगात जरा जास्तच आलं होतं.

ऑनलाइन फोल्डर १,६५०, टूलकिट २९९, बी-७००० गमची ट्यूब ११०. व्हिडिओ ११ मिनिटांचा होता, मला साडेचार तास लागले. हीट गन नाही म्हणून हेअर ड्रायर, मागचं पॅनल सोडवण्यातच पाऊण तास गेला आणि एक पिक (फटीत सरकवायची प्लास्टिकची चकती) मोडली. आत गेल्यावर पहिलं बॅटरीचं कनेक्टर काढायचं, हे मी नीट केलं. स्क्रू मात्र सगळे एका वाटीत टाकले आणि तिथे फसलो, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी आवळला की खालच्या बोर्डाला लागून फोन कायमचा जाऊ शकतो. माझं नशीब की गेला नाही. शहाणे लोक कागदावर फोनचं चित्र काढून त्या-त्या जागी स्क्रू चिकटवतात.

जुना डिस्प्ले तुकड्या-तुकड्यात निघाला, हातमोजे घाला, चष्मा घाला, खरंच सांगतोय, काचेचा कण अंगठ्यात दोन दिवस होता. मग फ्रेमवरचा जुना गम. व्हिडिओत तो माणूस दहा सेकंदात पुसतो, माझ्याकडे आयपीए लिक्विड (गम पुसायचं अल्कोहोल) नव्हतं, खरवडून काढला आणि कंटाळून शेवटी थोडा राहू दिला. नवीन फोल्डरची रिबन (चपटी वायर) लावली, उजेड आला, आनंदाच्या भरात लगेच गम लावून रबरबँड बांधले आणि रात्रभर पुस्तकांखाली ठेवला.

सकाळी फिंगरप्रिंट बंद. सेटिंगमधे बोट नवीन टाकायला गेलो तर तेही घेईना. तासभर अपडेट, रीस्टार्ट सगळं केलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला, आलेला फोल्डर अ‍ॅमोलेड नव्हताच, टीएफटी कॉपी होती, म्हणजे स्वस्तातला एलसीडी. हा जो स्क्रीनखालचा ऑप्टिकल सेन्सर असतो तो डिस्प्लेच्या आरपार बोट बघतो, एलसीडीच्या मागे बॅकलाइटचा अख्खा थर असतो, त्यातून त्याला काय दिसणार कपाळ. त्याच बॅकलाइटमुळे पॅनल जाड, म्हणून फ्रेमच्या वर उचललेलं, खिशातून काढताना कड बोटाला लागायची. काळा रंग राखाडी दिसायचा, उन्हात तर काहीच दिसायचं नाही, टाइप करताना 'प' दाबला की कधीकधी 'ब' यायचा. नवव्या दिवशी खालचा कोपरा सुटला आणि रात्री त्या फटीतून उजेड बाहेर. ऑनलाइन पानावर 'ओरिजिनल क्वालिटी' लिहिलेलं. क्वालिटी हा शब्द जोडलेला दिसला ना, की समजायचं ओरिजिनल नाहीये.

मग शेवटी तपकीर गल्ली. पुण्याबाहेरच्यांसाठी, बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिकचं सगळं सामान मिळतं ती गल्ली. गाडी आणू नका, मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत या, दगडूशेठच्या गर्दीतून गाडी काढण्यापेक्षा पाय बरे. तीन दुकानांत विचारलं. पहिल्याने फोन हातात न घेताच सांगितलं, "हजार रुपये, पंधरा मिनटं." दुसऱ्याने विचारलं, "कितीवाला टाकू?" तिसऱ्याने आधी फोन आडवा धरून कडेने बघितला आणि म्हणाला, "दादा, हा आधी कुणी उघडला होता?"

"मीच."

"बरं." एवढंच. हसला पण नाही, बाजूचा पोरगा मात्र हसला.

हेच ते दुकान ज्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, मालक स्वतःच म्हणाला आधीच गर्दी आवरत नाही, नाव नका टाकू. टपरीपेक्षा थोडं मोठं, काउंटरवर निळी सिलिकॉनची मॅट, एक मायक्रोस्कोप, मागे फोल्डरच्या पातळ खोक्यांची भिंत. त्याने न विचारता चार रेट सांगितले आणि प्रत्येकात काय जाईल ते पण. टीएफटी १,४००, फिंगरप्रिंट जाणार. इनसेल १,९००, टच जरा बरा पण तोही एलसीडीच, फिंगरप्रिंट जाणार. कॉपी ओएलईडी, म्हणजे अ‍ॅमोलेडच्या जातीचाच पण कंपनीचा नसलेला, ३,२००, फिंगरप्रिंट चालेल पण गॅरंटी देत नाही, कधी चालतो कधी नाही. सर्व्हिस पॅक फ्रेमसकट ४,७००, यात कंपनीचाच डिस्प्ले नव्या फ्रेमला चिकटून येतो. दुसऱ्या दुकानातलं 'कितीवाला टाकू' म्हणजे हेच सगळं, फक्त त्याने किंमत सांगितली आणि यातला फरक गिळला. मजुरी सगळीकडे सारखीच, चारशे-पाचशेच्या आसपास, तुम्ही पैसे मोजता ते पॅनलचे, आणि तेच कुठलं आहे हे बहुतेकांना शेवटपर्यंत कळत नाही, घरी जाऊन स्क्रीन निळसर का दिसते म्हणून डोळे चोळत बसतात.

मी सर्व्हिस पॅक घेतला. आधीचे दोन हजार गेलेच होते, आता परत खेळ नको. त्याने खोक्यावरचा पार्ट नंबर दाखवला, मग माझा फोन उघडून नवीन डिस्प्ले नुसता रिबनने जोडला, फ्रेममधे काही न बसवता, आणि लटकत्या अवस्थेतला फोन माझ्यासमोर धरला. म्हणाला, आता बघून घ्या, एकदा बसवला की परत नाही. एक आयकॉन धरून सगळ्या स्क्रीनभर रेघा मारल्यासारखा फिरवायला लावला, कुठे सुटला तर तिथे टच मेलेला. कीबोर्डची सगळी अक्षरं. पांढरा फोटो फुल ब्राइटनेसवर, डाग बघायला. मी घरी हे एवढंच केलं असतं तर गम लावायच्या आधीच फोल्डर परत पाठवता आला असता, जाऊ दे.

मग बोर्ड, बॅटरी, स्पीकर, मोटर सगळं जुन्या फ्रेममधून नव्यात. यात वेळ जातो, मला एक तास चाळीस मिनिटं लागली, आणि ती उभ्याने, कारण बसायला एकच स्टूल आणि त्यावर एक आजोबा, त्यांचा फोन चार्ज होत नव्हता, पोराने सुईने चार्जिंगच्या भोकातला कापूस काढला आणि पैसे घेतले नाहीत. हे मला आवडलं. माझ्या फोनमधे दोन स्क्रू कमी निघाले, ते त्याने स्वतःच्या डबीतून टाकले आणि माझ्याकडे एकदा बघितलं.

पासवर्ड मागितला नाही, टेस्ट मीच केल्या. कुठे मागितला तरी देऊ नका, सॅमसंगमधे मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमधे रिपेअर मोड आहे, तो चालू करून द्यायचा, फोटो-बिटो झाकले जातात. आणि जुना फोल्डर मागून घ्या, डिस्प्ले चालू आणि फक्त काच गेलेला ओरिजिनल असेल तर बाजारात त्याला पैसे येतात, न मागितला तर तो दुकानदाराचा.

महिना झाला. फिंगरप्रिंट पहिल्या झटक्यात, रंग पूर्वीसारखे, कड कुठे लागत नाही. पाण्याचं मात्र विसरा, एकदा उघडलेला फोन पावसात प्लास्टिकच्या पिशवीतच. फक्त टचची तीन महिने वॉरंटी, रेघ आली किंवा फुटला तर नाही, हे त्याने बिलावर हाताने लिहून दिलं, सोबत 'सर्व्हिस पॅक विथ फ्रेम' असंही. पक्कं बिल मागितल्यावर चेहरा जरा पडला पण दिलं. मागच्या पॅनलची एक कड थोडी वर राहिली होती, दुसऱ्या दिवशी नेल्यावर फुकट दाबून दिली, पण पुन्हा मंडईपर्यंत हेलपाटा झालाच. त्याचा अर्धा स्टार कापतो, स्टुलाचा अर्धा. चार.

ऑनलाइन फोल्डरला एक, तोही गमच्या ट्यूबसाठी, तिने आईच्या चपलेचा तळ मस्त चिकटलाय. साधा एलसीडीवाला जुना फोन असेल, दुसरा फोन हाताशी असेल आणि रविवार मोकळा असेल तर घरी जरूर करून बघा, मजा येते. अ‍ॅमोलेड, त्यातून कडा वळलेला असेल तर नको. बाय द वे, केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ च्या डिसेंबरमधे राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलंय, कंपन्यांची सर्व्हिस आणि स्पेअरची माहिती एका जागी मिळते, गल्लीत घासाघीस करायच्या आधी तिथे आणि कंपनीच्या साइटवर रेट बघून जा, बोलताना जोर येतो.

फोन आता पँटच्या खिशात ठेवतो. पंपावर तर हातातच.