सीचा सराव कुठे करावा: टर्बो सी, जीसीसी की ऑनलाइन कंपायलर?

सी भाषा छोट्या प्रोग्रामांतूनच हाताला बसते, याबद्दल शिकवणाऱ्यांमध्ये फारसे दुमत नाही. सम-विषम ओळखणे, फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार) काढणे, संख्या उलटी करणे, चांदण्यांचा त्रिकोण छापणे, ॲरेतील (एका नावाखाली ठेवलेल्या यादीतील) संख्या बबल सॉर्टने (शेजारच्या संख्यांची अदलाबदल करत) क्रमाने लावणे, असा सराव महाराष्ट्रात पॉलिटेक्निकच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये हमखास आढळतो. अडचण येते ती हे प्रोग्राम चालवायचे कुठे, हे ठरवताना. त्यासाठी कंपायलर लागतो, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणारे सॉफ्टवेअर. कॉलेजच्या लॅबमध्ये अनेक ठिकाणी अजून टर्बो सी हा जुना कंपायलर असतो, पुढच्या वर्गातील मुले जीसीसी हा मोफत कंपायलर वापरा म्हणून सांगतात आणि मोबाइलवर शोधले की ब्राउझरमध्येच चालणारे ऑनलाइन कंपायलर समोर येतात.

माझे मत आधीच नोंदवतो. रोजचा सराव जीसीसीवर करावा आणि त्याचे सर्व इशारे (संभाव्य चुकांच्या सूचना) चालू ठेवावेत. टर्बो सी परीक्षेला सक्तीचे असेल तेवढ्यापुरते वापरावे. ऑनलाइन कंपायलर पहिल्या काही दिवसांसाठी आणि अडीअडचणीला ठेवावा. छोट्या प्रोग्रामचा खरा उपयोग चूक झाल्याबरोबर ती कळण्यात असतो, आणि या तीन ठिकाणी ती सारख्याच स्पष्टपणे कळत नाही.

बोरलँड कंपनीचे टर्बो सी १९८७ मध्ये आले. आज लॅबमध्ये जे असते ते बहुधा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे टर्बो सी प्लस प्लस असते. ते डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी बनवलेले १६ बिटांचे सॉफ्टवेअर आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या आधाराने चालवावे लागते. हे जुनेपण केवळ निळ्या पडद्यापुरते असते तर तक्रार करण्याचे कारण नव्हते. ते उत्तरांतही उतरते.

फॅक्टोरियलचाच प्रोग्राम घ्या. उत्तर साठवण्यासाठी इंट (पूर्णांक) प्रकारचा व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवण्याची जागा, घेतला, तर टर्बो सीमध्ये त्याला दोन बाइट मिळतात आणि त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ७ चे फॅक्टोरियल ५०४० बरोबर येते. ८ चे ४०३२० यायला हवे, तेथे पडद्यावर उणे २५२१६ दिसते. संख्या उलटी करण्याच्या प्रोग्राममध्ये १२३४५ दिल्यास ५४३२१ ऐवजी उणे ११२१५ मिळते. तर्क अचूक असूनही उत्तर चुकते आणि नवा विद्यार्थी आपल्या लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) दोष शोधत बसतो. जीसीसीवर इंट साधारणपणे चार बाइटांचा असल्यामुळे हेच दोन्ही प्रोग्राम नीट चालतात. तेथेही मर्यादा आहेच: १२ चे फॅक्टोरियल ४७९००१६०० बरोबर येते, पण १३ चे उत्तर इंटमध्ये मावत नाही आणि सहसा १९३२०५३५०४ अशी धनच, म्हणजे खरी वाटणारी, पण चुकीची संख्या छापली जाते. म्हणून फॅक्टोरियलचा प्रोग्राम केवळ ५ देऊन तपासू नये. उत्तर कोणत्या आकड्यापासून बिघडते ते मुद्दाम शोधावे. त्या एका शोधातून डेटा टाइपचे प्रकरण जितके समजते, तितके बाइटांचा तक्ता पाठ करून समजत नाही.

दुसरी कसोटी स्कॅनएफची, म्हणजे वापरणाऱ्याने दिलेली किंमत वाचणाऱ्या फंक्शनची. व्हेरिएबलच्या आधी ॲम्परसंड (त्याचा मेमरीतील पत्ता दाखवणारे & हे चिन्ह) लिहायचे राहणे ही नवशिक्यांची अगदी नेहमीची चूक. टर्बो सी स्कॅनएफला दिलेल्या गोष्टी त्यातील फॉरमॅटशी जुळतात का हे तपासत नाही, आणि डॉसमध्ये एका प्रोग्रामपासून बाकीच्या मेमरीला संरक्षण नसते. त्यामुळे वाचलेला आकडा भलत्याच जागी लिहिला जातो, प्रोग्राम कधी शेवटपर्यंत चालतो आणि उत्तर मात्र कचरा असते. जीसीसीला कंपाइल करताना ‘डब्ल्यू-ऑल’ (-Wall) हा पर्याय दिला, तर प्रोग्राम चालण्यापूर्वीच ओळीच्या क्रमांकासह इशारा येतो की येथे इंटचा पत्ता अपेक्षित आहे, तुम्ही इंट दिला आहे. पुढे पॉइंटर (मेमरीतील पत्ता साठवणारे व्हेरिएबल) शिकताना लागणारी मूळ कल्पना त्या इशाऱ्यात आधीच भेटते. तो न वाचता प्रोग्राम चालवला, तर बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीम तो मध्येच बंद पाडते. नवशिक्याला हे कठोर वाटते. मला मात्र मुकाट्याने चुकणाऱ्या प्रोग्रामपेक्षा हे कितीतरी हिताचे वाटते.

टर्बो सीला इशारे देताच येत नाहीत, असे मात्र नाही. इफच्या (अट तपासण्याच्या) कंसात दोनऐवजी एकच बरोबरचे चिन्ह पडले, तर ते शंका नोंदवते. शिवाय एका गोष्टीचे श्रेय त्याला द्यायलाच हवे: प्रोग्राम एकेक ओळ पुढे नेत पाहण्याची सोय त्यात फार सहज आहे. एफ ७ दाबत जायचे, कंट्रोल आणि एफ ७ दाबून हव्या त्या व्हेरिएबलवर वॉच लावायचा आणि लूपच्या प्रत्येक फेरीत त्याची किंमत कशी बदलते ते पाहायचे. बबल सॉर्ट समजून घेण्यासाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. लॅबमध्ये टर्बो सीच असेल, तर निदान हे शिकून घ्यावे. आउटपुट आले, जर्नलवर सही झाली, एवढ्यावर थांबू नये.

एक बाब सहसा कोणी सांगत नाही. टर्बो सी प्लस प्लसमध्ये नवी फाइल उघडली की तिच्या नावाला आपोआप सीपीपी हे शेपूट लागते, म्हणजे प्रोग्राम सीच्या नव्हे तर सी प्लस प्लस या तिच्यापासून निघालेल्या वेगळ्या भाषेच्या नियमांनी तपासला जातो. हेडर फाइल (तयार फंक्शन्सचे प्रोटोटाइप, म्हणजे त्यांची जाहीर ओळख, असलेली फाइल) विसरल्यावर ‘फंक्शनला प्रोटोटाइप हवा’ अशी जी परिचित चूक दिसते, ती त्यामुळे. तीच फाइल डॉट सी नावाने ठेवली, तर १९८९ च्या प्रमाणित सीचे नियम लागू होतात आणि सर्व व्हेरिएबल महिरपी कंसाच्या सुरुवातीलाच जाहीर करावे लागतात. फॉरच्या कंसात इंट आय लिहिण्याची मुभा १९९९ च्या प्रमाणकाने दिली. ती या कंपायलरला ठाऊक नाही.

जीसीसीची अडचण इन्स्टॉल करण्यात आहे. उबंटू या लिनक्सवर एका आज्ञेत काम होते. विंडोजवर मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचे जीसीसी) घेऊन पाथ लावावा (कंपायलर कोठे आहे ते विंडोजला सांगावे) लागतो आणि तेथे पुष्कळ मुले कंटाळून सोडून देतात. त्यांनी कोडब्लॉक्स हे प्रोग्राम लिहिण्या-चालवण्याचे सॉफ्टवेअर घ्यावे, मात्र डाउनलोड करताना नावात मिनजीडब्ल्यू असलेलीच फाइल निवडावी. दुसऱ्या फाइलमध्ये केवळ एडिटर असतो, कंपायलर नसतो, आणि मग काहीच चालत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सीचे धडे मराठीत उपलब्ध आहेत आणि ते जीसीसीवरच शिकवतात, ही मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मोठी सोय आहे.

ऑनलाइन कंपायलरला इन्स्टॉल करण्याची कटकट नाही, त्यामुळे पहिला प्रोग्राम त्याच दिवशी चालतो आणि उत्साह टिकतो. ऑनलाइन जीडीबीसारख्या ठिकाणी ओळीओळीने पुढे जाण्याची सोयही मिळते. मात्र काही ठिकाणी इनपुट वेगळ्या चौकटीत आधीच भरून ठेवावे लागते, त्यामुळे ‘संख्या द्या’ हा संदेश आणि वापरणाऱ्याचे उत्तर यांचा क्रम नव्या विद्यार्थ्याला उमगत नाही. फाइल हाताळणीच्या प्रकरणापाशी तर स्वतःचा संगणक हवाच, कारण तयार झालेली फाइल कोठे गेली हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो भाग पटत नाही. फक्त मोबाइल हाताशी असेल, तर ऑनलाइन कंपायलर किंवा टर्मक्स (अँड्रॉइडवर लिनक्सच्या आज्ञा चालवू देणारे ॲप) चालेल. महिरपी कंस आणि सेमीकोलन टाइप करताना वेग फार मंदावतो, एवढे धरून चालावे.

आता, प्रॅक्टिकल परीक्षा टर्बो सीवर आहे आणि घरी लॅपटॉप आहे, अशा विद्यार्थ्याने काय करावे? घरी जीसीसीवर सराव करताना व्हॉइड मेनऐवजी इंट मेन लिहावे आणि शेवटी शून्य रिटर्न करावे, व्हेरिएबल वरच जाहीर करावेत, मोठी उत्तरे लाँग प्रकारात (मोठ्या पूर्णांकांसाठीच्या) ठेवून एलडीने (%ld) छापावीत आणि कोनिओ (conio.h) हेडर टाळावे. असा प्रोग्राम दोन्हीकडे न बदलता चालतो. पडदा पुसणारे सीएलआरएससीआर आणि कळ दाबेपर्यंत थांबणारे गेटसीएच ही फंक्शन्स प्रमाणित सीचा भाग नाहीत. लिनक्सवर कोनिओ हेडर सापडतच नाही, आणि मिनजीडब्ल्यूमध्ये गेटसीएच मिळाले तरी सीएलआरएससीआर मिळत नाही. लॅबमध्ये परीक्षकांना त्या ओळी हव्याच असतील, तर आयत्या वेळी हेडरसकट तीन ओळी घालायला एक मिनिट पुरते. आउटपुट पाहण्यासाठी ऑल्ट आणि एफ ५ ही जोडी लक्षात असली की गेटसीएचचीही गरज उरत नाही.